आई-बाळाचं सर्वेक्षण गावात कसं करावं: यादीपासून अहवालापर्यंत

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर ओसरीत बसून मी एका बाईला विचारलं, "मुलं किती?" ती म्हणाली, "दोन." मी दोन लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. सोबतच्या आशाताईंनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं आणि तिच्या बोलीत हळूच विचारलं, की या दोघांच्या आधी किंवा मधे एखादं बाळ झालं, रडलं आणि मग राहिलं नाही, असं काही झालं का. बाईनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक होतं. दीड दिवस होतं. नाव नव्हतं ठेवलं अजून."

ते बाळ घरीच जन्मलं आणि घरीच गेलं. ग्रामपंचायतीत ना त्याच्या जन्माची नोंद होती, ना मृत्यूची. आशाताईंनी तो एक प्रश्न विचारला नसता तर आमच्याही कागदावर ते आलं नसतं. म्हणून हा लेख लिहिताना माझ्या डोक्यात सतत एकच गोष्ट आहे: सर्वेक्षणाची सगळी आखणी त्या न दिसणाऱ्या बाळापर्यंत पोहोचण्यासाठी करायची. बाकीचं त्यामागून येतं.

एखादी छोटी संस्था, समाजकार्याचे विद्यार्थी, गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या) किंवा उत्साही ग्रामपंचायत यांना दहा-बारा हजार लोकवस्तीत असं सर्वेक्षण करायचं असेल, तर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

आधी हाताशी काय आहे ते बघा

आपल्याकडे मोठी सर्वेक्षणं आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १९९२-९३ पासून होतंय. त्याचं काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातली सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबं घेतली होती. त्यात महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आत दगावलेली बाळं) हजार जिवंत जन्मांमागे २३.२ आणि नवजात मृत्युदर (पहिल्या २८ दिवसांत दगावलेली) १६.५ निघाला. दवाखान्यात होणारी बाळंतपणं ९४.७ टक्के.

दुसरी व्यवस्था नमुना नोंदणी पद्धतीची, म्हणजे एसआरएसची. तिच्या २०२० च्या आकड्यांत राज्याचा अर्भक मृत्युदर १६ आहे. दोन आकडे वेगळे दिसले की लोक गोंधळतात. एसआरएस निवडलेल्या गावांत आणि वॉर्डांत वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहते. कुटुंब सर्वेक्षण आईला मागचं आठवायला लावतं आणि त्याचा दर आधीच्या पाच वर्षांचा असतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून "मृत्यू घटले" किंवा "वाढले" म्हणू नका.

कुटुंब सर्वेक्षण जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतं. तुमच्या पाड्याचं, वाडीचं, ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्याचं त्यातून काही कळत नाही. तिथं तुमच्या कामाची गरज सुरू होते. महाराष्ट्रात हे आधीही घडलंय. २००१ साली स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या आणि डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या 'सर्च'नं पुढाकार घेतलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालातून, सरकारी नोंदीत बालमृत्यू किती कमी धरले जातात ते आकड्यांनिशी पुढे आलं. गावोगाव घरं मोजून ते काम झालं होतं.

पायरी १: काय मोजता येईल, याचा हिशेब करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि शेवटी चुकीचा आकडा छापून बसतात.

धरा, तुमच्या भागात १२,००० लोक आहेत. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला साधारण १८० बाळं. त्यात ४ अर्भकं दगावली तर दर येतो २२.२. एक मृत्यू जास्त सापडला तर २७.८, एक निसटला तर १६.७. एका बाळानं आकडा इतका हलतो. म्हणून छोट्या वस्तीत एका वर्षाचा अर्भक मृत्युदर जाहीर करू नका. तीन वर्षं मिळून काढा, आणि त्याहीपेक्षा प्रत्येक मृत्यू कसा झाला ते लिहा.

मातामृत्यूचं तर विचारूच नका. २०१८-२० च्या एसआरएसमध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. वर्षाला १८० बाळंतपणं असलेल्या भागात या हिशेबानं सुमारे १७ वर्षांत एक मृत्यू येईल. दर काढण्यात अर्थ नाही, पण एकही मृत्यू घडला असेल तर तो कळलाच पाहिजे.

छोट्या वस्तीत खात्रीनं मोजता येण्यासारखं पुष्कळ आहे: पहिल्या तीन महिन्यांत नोंदणी, तपासण्यांत प्रत्यक्ष काय झालं, बाळंतपण कुठं आणि कुणाच्या हातून झालं, जन्मवजन, पहिलं दूध, लसीकरण, आशाताईंच्या भेटी. प्रश्नावली याभोवती बांधा आणि ती अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका. कडेवर मूल घेतलेली, चुलीवर भात ठेवलेली बाई त्याहून जास्त वेळ देऊ शकत नाही.

या आकाराच्या वस्तीत नमुना काढू नका, सगळी घरं घ्या. अडीच हजार घरं, दहा जणी, दिवसाला प्रत्येकी बारा घरं धरली तर तीन आठवडे लागतात. तालुक्याएवढा भाग असेल तर समूह-नमुना, म्हणजे काही गावं किंवा वस्त्या निवडून तिथली घरं, असा काढावा लागतो. त्यासाठी संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच सोबत घ्या, फॉर्म भरून झाल्यावर नाही.

पायरी २: परवानगी, आणि तीन अवघड गोष्टी

तालुका आरोग्य अधिकारी, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) मेडिकल ऑफिसर, ग्रामपंचायत यांना लेखी कळवा. पोलीस पाटलांच्या कानावर घाला. निष्कर्ष कुठं छापायचे असतील तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्या.

तीन गोष्टी टीमला पहिल्याच दिवशी सांगा. पहिली, गर्भलिंगाबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. दुसरी, गर्भपाताचा प्रश्न बाई एकटी असेल तरच, आणि तिनं टाळलं तर तिथंच सोडून द्यायचा. तिसरी सगळ्यांत कठीण: १८ वर्षांखालची मुलगी गरोदर आढळली तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे ती माहिती कळवणं बंधनकारक आहे. म्हणून "कुणालाही काही सांगणार नाही" असं सरसकट वचन देऊ नका. अशा मुलीची तपासणी आणि उपचार थांबू नयेत यासाठी काय करायचं, ते मेडिकल ऑफिसर आणि वकिलाशी बोलून आधी लिहून ठेवा. ऐन वेळी दारात उभं राहून ते ठरवता येत नाही.

पायरी ३: याद्या जुळवा

घरोघर जाण्याआधी चार ठिकाणच्या नोंदी आणा: आशाताईंची वही, अंगणवाडीचं रजिस्टर, उपकेंद्रातलं सिस्टरांचं रजिस्टर, ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यू रजिस्टर. मागच्या तीन वर्षांतल्या बाळंतपणांची एक मोठी यादी करा आणि प्रत्येक नावासमोर ते कुठल्या रजिस्टरात आहे त्याची खूण करा. एकाच ठिकाणी असलेली नावं लाल करा. त्या घरांत नक्की जायचंय.

मग कागदावर नसलेल्या यादीकडे वळा. सुईण, भगत, किराणा दुकानदार, पाण्यावर भेटणाऱ्या बायका. तान्ह्या बाळांना आपल्याकडे पुरतात. कुणी पुरलं, कुठं पुरलं, हे गावातल्या दोन-तीन माणसांना माहीत असतं. त्यांच्याशी निवांत, आदरानं बोला. कागद हातात न घेता बोला.

एसआरएसची ताकद या जुळवाजुळवीतच आहे. तिथं एक माणूस वर्षभर नोंदी ठेवतो, दुसरा सहा महिन्यांनी त्या नोंदी न बघता स्वतंत्रपणे घरं फिरतो, मग दोन्ही याद्या लावून बघतात आणि न जुळणाऱ्या घरी पुन्हा जातात. तुमच्या बारा हजारांतही हे जमतं.

पायरी ४: माहेर आणि स्थलांतर

पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. सासरच्या गावात तुम्ही गेलात तर ती तिथं नसते, आणि माहेरी गेलात तर घरचे म्हणतात, "ती आमच्यात नाही धरायची, सासरी नाव आहे." असं करत ती दोन्हीकडून सुटते. कधी उलटं, दोन्हीकडे मोजली जाते.

नियम एकच ठेवा आणि तो प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर छापा. माझा नियम असा: बाई ज्या घरात एरवी राहते तिथं तिचं नाव, पण शेजारी "आत्ता कुठं" हा रकाना सक्तीचा. माहेरी, कामावर, दवाखान्यात, इथंच. माहेरी आलेल्या बाईचा फॉर्म भरायचा, वर सासरचं गाव लिहायचं आणि तो वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायचा.

स्थलांतराचं गणित हंगामावर चालतं. सुरगाणा-पेठचे मजूर द्राक्षाच्या गोड छाटणीला, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीला, दिंडोरी-निफाडकडे उतरतात. बीडचे ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. जानेवारीत तिथं सर्वेक्षण केलंत तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल, आणि ज्या आयांना सगळ्यांत जास्त धोका आहे नेमक्या त्याच गळतील. जून ते सप्टेंबरमध्ये जा. पाऊस आहे, आवणी (भाताची लावणी) आहे, पण माणसं घरी आहेत. सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीला भेटतील.

पायरी ५: प्रश्न विचारायचे कसे

इथं वेळ घालवा. प्रशिक्षणाचे पाच दिवस असतील तर तीन यावर.

होकार सुचवणारा प्रश्न नको. "बाळाला लगेच अंगावर पाजलं ना?" असं विचारलं की उत्तर "हो" येणार, कारण आशाताईंनी तेच शिकवलेलं असतं. त्याऐवजी म्हणा, "बाळ झालं, मग काय काय झालं ते सांगा." बाळ पुसलं, गुंडाळलं, आजीकडे दिलं, असं ती सांगत जाईल. मग विचारा, "पहिल्यांदा छातीशी कधी आणलं? तोवर त्याच्या तोंडात काय घातलं होतं? मध, गूळपाणी, गाईचं दूध, घुटी?" चीक (पहिलं घट्ट दूध) पिळून टाकला का, हेही असंच ओघात कळतं.

"सहा महिने फक्त आईचंच दूध दिलं का?" हा प्रश्न तर निरुपयोगीच. "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं?" असं विचारा. पाणी वेगळं विचारा, कारण पाण्याला कुणी खाणं-पिणं धरत नाही.

"तपासण्या किती झाल्या?" यावर आकडा मिळतो, माहिती मिळत नाही. "वजन केलं? दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं? बोटाचं की शिरेचं रक्त घेतलं? लघवी मागितली? झोपवून पोट तपासलं?" असं एकेक विचारा. लोहाच्या लाल गोळ्यांबद्दल विचारताना पाकिटं बघायला मागा. फळीवर पडलेली भरलेली पाकिटं बाई लपवत नाही, तुम्ही रागावणार नाही एवढी तिला खात्री हवी. गोळ्यांनी मळमळतं, संडासला काळं होतं, म्हणून ती थांबलेली असते. तेही लिहून घ्या.

आता गेलेल्या बाळाचा प्रश्न. तो सुटा विचारायचा नाही, क्रमानं यायचं. तिच्या पोटचे किती, आत्ता घरात किती, बाहेरगावी राहणारे किती. मग प्रत्येक दोन मुलांमधलं अंतर बघायचं. तीन-साडेतीन वर्षांची खिंड दिसली की थांबून विचारायचं, "या दोघांच्या मधे कधी दिवस राहिले होते का?" हो म्हणाली तर, "बाळ झाल्यावर रडलं होतं का, हाललं होतं का, श्वास घेतला होता का?" यातलं काहीही झालं असेल तर तो जिवंत जन्म, मग ते पाच मिनिटं का असेना. सात महिने पुरे झाल्यावर जीव नसलेलं बाळ जन्मलं तर ते मृतजन्म या वेगळ्या रकान्यात. घरचे लोक दोन्हीला "मेलेलंच झालं" म्हणतात, म्हणून हे तीन प्रश्न दर वेळी विचारायचेच.

उत्तर आलं की पेन खाली ठेवा. थोडं थांबा. तिला बोलायचं असेल तर बोलू द्या, रडू द्या. लगेच "बरं, आता लसीकरण" असं करू नका. मृत्यूची सविस्तर चौकशी त्या दिवशी करायची नसते. ती काही दिवसांनी, तिची परवानगी घेऊन, वेगळ्या, अनुभवी बाईनं करायची.

आयांच्या मृत्यूसाठी घरात १५ ते ४९ वयाची कुणी बाई तीन वर्षांत वारली का, असं विचारा. मग तिला दिवस होते का, बाळंत होऊन किती दिवस झाले होते. शास्त्रीय व्याख्या ४२ दिवसांची. आपल्याकडचा सव्वा महिना जवळपास तिथंच येतो, म्हणून "सव्वा महिना झाला होता का?" हा प्रश्न पटकन समजतो, नेमके दिवस मग मोजून घ्या.

पायरी ६: तारखा सणांवरून

आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींचं कार्ड सापडलं तर तारीख कार्डावरून. नाही सापडलं तर गावाचं कॅलेंडर करा. शिमगा, अखाजी, आवणी, पोळा, वाघबारस, डोंगऱ्या देवाचा उत्सव, गोड छाटणी. "शिमग्याला पोट होतं की बाळ मांडीवर होतं?" या एका प्रश्नानं दोन महिने इकडचे तिकडे ठरतात. गेलेल्या बाळाचं वय दिवसांत विचारा, आणि पाचवीला होतं का, बारशाला होतं का, हे जोडीला विचारा. राज्यात दर १० अर्भक मृत्यूंपैकी साधारण ७ पहिल्या २८ दिवसांतले आहेत, हे सुरुवातीच्या २३.२ आणि १६.५ या दोन आकड्यांवरूनच दिसतं. म्हणून "महिन्याभराचं होतं" एवढ्यावर समाधान मानू नका.

पायरी ७: वजन

झोळीचा काटा रोज सकाळी दोन किलोच्या प्रमाणित वजनानं तपासा. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा. बाळाचे कपडे काढा, पण थंडी-पावसात आधी दार लोटून घ्या. आईसकट वजन करून आईचं वजा करण्याची पद्धत तान्ह्यासाठी वापरू नका, मोठ्या काट्याची चूकच शंभर ग्रॅमची असते.

जन्मवजन नेहमी कार्डावरून. २५०० ग्रॅमच्या खाली ते कमी वजनाचं बाळ. आमच्याकडे एकदा एका गठ्ठ्यात लागोपाठ अडीच किलो, अडीच किलो असंच दिसायला लागलं. कार्डं मागवून पाहिली तर कार्डांवरच तसं लिहिलेलं होतं. नोंद करताना कुणीतरी आकडा वर ढकलला होता, किंवा काटा नसल्यानं अंदाजे टाकला होता. तेव्हापासून मी अहवालात नेमक्या २५०० च्या नोंदी किती, हे वेगळं लिहिते.

सहा महिन्यांनंतर दंडघेराची पट्टी लावा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, तिथून १२.५ पर्यंत मध्यम. पट्टी दंडाच्या मधोमध, सैल नाही की आवळलेली नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, दोघींनी मिळून.

पायरी ८: धोका दिसला तर फॉर्म बाजूला

प्रत्येकीच्या पॅडला मागं हा कागद चिकटवा. बाळ: दूध ओढत नाही, लुळं पडलंय, अंग गार किंवा तापलेलं, छाती आत ओढली जातेय, मिनिटाला श्वास ६० किंवा जास्त (दोन महिन्यांवरच्या बाळाला ५० किंवा जास्त), नाळेतून पू, तळहात-तळपाय पिवळे. आई: अंगावरून खूप जाणं, ताप, घाण वासाचा स्राव, झटके, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्यावर सूज.

यातलं एक जरी दिसलं तर १०२ किंवा १०८ ला फोन, सिस्टरांना फोन, आणि गाडी येईपर्यंत तिथंच थांबायचं. त्या दिवशीची बारा घरं राहिली तर राहू देत.

पायरी ९: तपासणी आणि आकडेमोड

रोज संध्याकाळी फॉर्म वाचा. पाचेक टक्के घरांत पर्यवेक्षकानं दुसऱ्या दिवशी जाऊन चारच प्रश्न पुन्हा विचारावेत: मुलं किती झाली, किती आहेत, शेवटचं बाळंतपण कुठं, आशाताई घरी कधी आल्या. मोबाईलवर भरायचं असेल तर कोबो टूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं ॲप नेटवर्कशिवाय चालतं. नावं आणि पत्ते वेगळ्या फाईलमध्ये, उत्तरं वेगळ्या, मधे फक्त क्रमांक.

मग अपेक्षित आकड्याशी ताडा. १८० जन्म अपेक्षित होते आणि १३० सापडले, तर "जन्मदर घटला" म्हणण्याआधी त्या ५० जणी माहेरी आहेत, कामावर आहेत की सुटल्या आहेत ते शोधा. आणि एखाद्या गावात तीन वर्षांत एकही बालमृत्यू नसेल तर आनंद मानण्याआधी तिथं दुसरी मुलगी पाठवा.

आशाताईंच्या भेटी दिवसांनिशी मांडा. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. "भेटी झाल्या ८० टक्के" असं लिहिण्यापेक्षा तिसऱ्या दिवशीची भेट किती जणींना मिळाली ते लिहा. भेट चुकली असेल तर त्यामागं बहुतेकदा रस्ता, नाला, किंवा माहेर असतं. आशाताईंना दोष देणारा तक्ता करू नका. त्यांच्यावाचून तुम्हाला पुढची फेरी करता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर हे सगळं त्यांच्याच पायांवर उभं आहे.

पायरी १०: गावाला परत द्या

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसमोर आकडे मांडा. एक मोठा कागद, पाच आकडे, गावाच्या बोलीत. मृत्यूंची संख्या सांगा, घर ओळखू येईल असं काहीही सांगू नका. छोट्या पाड्यावर "एक मृत्यू" म्हटलं तरी सगळ्यांना घर कळतं, म्हणून तिथं तीन-चार पाडे मिळून आकडा द्या. पीएचसीच्या बैठकीत मात्र प्रत्येक मृत्यूची गोष्ट बंद दाराआड तपशिलानं व्हायला हवी: निघायचं कुणी ठरवलं, गाडी किती वेळानं आली, पोहोचल्यावर काय झालं.

आणि एक यादी सगळ्यात आधी, अहवालाचीही वाट न बघता द्या. पुढच्या तीन महिन्यांत बाळंत होणाऱ्या बायका, त्यांच्या अंदाजे तारखा, आणि त्या वेळी त्या कुठं असतील ते गाव. गोड छाटणीला ट्रक निघण्याआधी ती आशाताईंच्या हातात हवी, म्हणजे त्यांना दिंडोरीकडच्या आशाताईंना फोन करून सांगता येतं, की अमुक मळ्यावर आमची एक बाई आलीय, आठवा लागलाय, तिच्याकडे जाऊन या.